नाताळ शेजाऱ्यांचा! : मराठी साहित्यातील ख्रिस्ती घर आणि खानदेशातील विद्यार्थी

ख्रिस्ती घर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे टिळकांचे घर उभे राहते. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. तेव्हापासून त्यातील उतारे शाळा-महाविद्यालयांतून शिकविले गेले, त्यावर परीक्षेत प्रश्न आले, व्याख्याने झाली. पुस्तक थोर आहे, याबद्दल वाद नाही. पण एका घराची हकिगत ही साऱ्या समाजाची हकिगत समजण्याची जी सवय आपल्या समीक्षेला लागली आहे, ती एकदा तपासली पाहिजे. खानदेशात मराठी शिकविताना मला ही गरज फार जाणवते. माझ्यासमोर बाकावर जी ख्रिस्ती मुले-मुली बसतात, त्यांचे घर या पुस्तकात नाही. ते दुसऱ्या कोणत्या मराठी पुस्तकात आहे, हे मला त्यांना सांगता येत नाही.

थोडे मागे जाऊ. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून आपण तिचा उल्लेख करतो. ती एका धर्मांतरित ख्रिस्ती लेखकाने लिहिली, परंतु तिचा विषय आहे सवर्ण हिंदू विधवांची दुःस्थिती. तो विषय गौण होता असे मी म्हणत नाही. एवढेच सुचवितो की मराठी ख्रिस्ती लेखणी प्रथमपासून सवर्ण घराकडे तोंड करून बसली. ज्यांनी लिहिले ते त्या घरातून आले होते, ज्यांच्याशी वाद घालायचा तेही त्याच घरात होते. पंडिता रमाबाई, टिळक, लक्ष्मीबाई या मोठ्या नावांनी मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास भरून जातो. महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्या मात्र मुख्यत्वे महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून उभ्या राहिल्या. ज्यांची संख्या मोठी त्यांची लेखणी नाही, आणि ज्यांची लेखणी त्यांचे घर वेगळे, ही फट शंभर-सव्वाशे वर्षे तशीच राहिली आहे.

लक्ष्मीबाईंचे सामर्थ्य कशात आहे? पतीने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सुमारे पाच वर्षे त्या अधांतरी जगल्या आणि १९०० मध्ये स्वतः ख्रिस्ती झाल्या. मधल्या काळातील घालमेल, सोवळेओवळे, पाण्याचा विटाळ, आणि पुढे हा सारा पसारा एकेक करून कसा गळून पडला, हे त्यांनी कोणतीही सारवासारव न करता सांगितले आहे. स्वतःवर हसत हसत सांगितले आहे. आपल्या आत्मकथनांत विटाळ बाहेरून दिसतो: वरून ओतलेले पाणी, दारापलीकडे टाकलेली भाकरी. तो पाळणाऱ्या माणसाच्या मनात आतून कसा बसलेला असतो, हे लक्ष्मीबाई दाखवितात. दलित वाचकाने हे पुस्तक एवढ्या एका कारणासाठी तरी जरूर वाचावे.

याच पुस्तकात महार-मांगांची मुलेही वावरतात. ती टिळकांच्या घरी येतात, शिकतात, जेवतात. पण ती नेहमी आलेली असतात. ती कोठून आली, त्यांच्या आईने बाप्तिस्म्यानंतर देव्हाऱ्यातल्या मरीआईचे काय केले, गावकीच्या कामाला नकार दिला तेव्हा गावाने त्यांना कसे वागविले, हे आपल्याला कळत नाही. हा लक्ष्मीबाईंचा दोष नव्हे. त्यांनी जे पाहिले, भोगले तेच लिहिले, आणि प्रामाणिक लेखकाने तेवढेच लिहावे. दोष आहे तो या मुलांकडे वाचताना न थांबणाऱ्या समीक्षेचा. ब्राह्मण कुटुंबाला धर्मांतराने काय गमवावे लागले याची चर्चा आपण पिढ्यान् पिढ्या केली. ज्यांच्याजवळ गमविण्यासारखे काही ठेवलेलेच नव्हते, त्यांनी धर्मांतराने काय मिळविले आणि काय त्यांच्या हाती लागलेच नाही, याची चर्चा कोणी केली?

हीच गोष्ट टिळकांच्या पदांची. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशी टिळकांची भावना होती. अभंग, कीर्तन, भजन यांतून त्यांनी ख्रिस्ती उपासनेला मराठी रूप दिले. 'उपासना संगीत' हे पुस्तक आजही मराठी ख्रिस्ती घराघरांत असते आणि त्यात टिळकांची पदे आहेत. साहित्याच्या इतिहासात याला ख्रिस्ताचे भारतीयीकरण म्हणतात. मला येथे एक शंका येते. ब्राह्मण धर्मांतरिताला आपली सोडून आलेली परंपरा नव्या धर्मात परत आणावीशी वाटली, हे समजते. पण त्याच परंपरेने ज्याच्या चोखोबाला देवळाच्या पायरीबाहेर ठेवले, त्याला ते परत आणणे कसे वाटले असेल? या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांत मिळत नाही. ते रविवारी देवळात बसले तर थोडेसे मिळते. तीच पदे ढोलकी आणि झांजेवर, थोड्या चढ्या आवाजात, शब्दांना खानदेशी हेल देत म्हटली जातात. लोकांनी पद घेतले आणि चाल आपली लावली. हा स्वीकार आहे आणि फेरफारही आहे. एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने यावर काम करावे असा हा विषय आहे. अजून तरी 'टिळकांच्या काव्यातील भक्तिरस' हाच विषय वर्षानुवर्षे मंजूर होतो.

खानदेशच्या वाङ्मयीन इतिहासात ख्रिस्ती धर्माचा धागा येतो तोही टिळकांमार्फतच. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरले. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलाला तेथे 'बालकवी' ही पदवी मिळाली आणि पुढे त्याला टिळकांच्या नगरच्या घराचा आसरा मिळाला. जळगावात हा प्रसंग अभिमानाने सांगितला जातो, आणि सांगावा असाच तो आहे. पण त्याच सुमारास याच मुलखात दुसरे काही घडत होते. खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेकडे जळगाव-भुसावळच्या बाजूला अमेरिकन अलायन्स मिशन आणि पश्चिमेकडे धुळे-नंदुरबारच्या बाजूला स्वीडिश अलायन्स मिशन ही मंडळे काम करू लागली. शाळा निघाल्या, वसतिगृहे निघाली. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला १९४२ मध्ये दवाखाना उभा राहिला, तो आजही चालू आहे. पूर्वेकडे गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून, पश्चिमेकडे भिल्ल, मावची, कोकणी पाड्यांतून माणसे ख्रिस्ती झाली. भुसावळला रेल्वेमुळे आणखी निराळे, बाहेरून आलेले ख्रिस्ती होते. हा सारा इतिहास परदेशी मिशनऱ्यांच्या इंग्रजी आणि स्वीडिश अहवालांत आहे. त्यांत आमची माणसे संख्येने आणि छायाचित्रांनी येतात. मराठीत ती कशानेच येत नाहीत. बालकवींचे जळगाव आणि या माणसांचे जळगाव ही जणू दोन गावे.

आता वर्गात येऊ. प्रथम वर्षाच्या मुलांना मी दरवर्षी एक निबंध लिहावयास देतो. विषय साधा असतो: आपल्या घरातील एक सण. हेतू एवढाच की पुस्तकी भाषा सोडून त्यांनी घरातली भाषा लिहावी. आखाजीवर, पोळ्यावर, कानबाईवर, चौदा एप्रिलवर उत्तम निबंध येतात. खापरावरच्या पुरणपोळीचा वास वहीतून येतो. नाताळावर निबंध येत नाही. वर्गात ख्रिस्ती मुले आहेत हे मला ठाऊक असते, तरी ती दिवाळीवर लिहितात, आणि ते वाचताना कळते की हे पाहून लिहिले आहे, जगून लिहिलेले नाही. एकदा मात्र एका मुलाच्या वहीत नाताळ आला. डिसेंबर लागला की घराला चुना कसा देतात, बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद आणून चांदणी कशी बांधतात, करंज्या-शंकरपाळे करायला शेजारणी कशा एकमेकींकडे जातात, रात्री गाणी म्हणत घरोघर फिरणाऱ्या पोरांना चहा करता करता आई कशी थकते, पहाटे थंड पाण्याने आंघोळ करून नवा सदरा घालताना अंगावर काटा कसा येतो, हे सारे त्याने लिहिले होते. लिहिताना जागोजाग सुरुवात मात्र अशी केली होती की आमच्या शेजारी नाताळ असतो. शेजाऱ्यांची आई थकते. शेजाऱ्यांच्या मुलाच्या अंगावर काटा येतो.

मी त्याला काही विचारले नाही. विचारण्याची गरजही नव्हती. त्याचे नाव-गाव येथे देत नाही, त्याचे कारण पुढे कळेल.

एका बाकावर तीन मुले बसली आहेत असे समजा. पहिल्याचे आजोबा १९५६ नंतर बौद्ध झाले. दुसऱ्याचे आजोबा त्याच वस्तीतले, त्याच भावकीतले, पण त्याआधीच मिशनच्या शाळेत शिकून ख्रिस्ती झाले. तिसरा नवापूरकडचा मावची, आणि तोही ख्रिस्ती. पहिल्याला अनुसूचित जातीचा दाखला मिळतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींसाठी हिंदू धर्माची अट होती. ती १९५६ मध्ये शिखांसाठी आणि १९९० मध्ये बौद्धांसाठी सैल झाली. तिसऱ्याला अनुसूचित जमातीचा दाखला मिळतो, कारण जमातींच्या बाबतीत कायद्याने धर्माची अट घातलेली नाही. तो नाताळ उघडपणे साजरा करू शकतो. अलीकडे ख्रिस्ती झालेल्या आदिवासींना यादीतून वगळा अशी मागणी जोरात होत आहे, त्यामुळे तोही पूर्वीइतका निर्धास्त नाही, ही गोष्ट निराळी. दुसऱ्याचे काय? त्याचे आजोबा, पणजोबा ज्या विटाळात जगले तो विटाळ बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतला गेला असे सरकार मानते. महाराष्ट्रात त्याला इतर मागासवर्गीयांच्या यादीत जागा आहे. शिष्यवृत्ती, वसतिगृह, राखीव जागा, अत्याचारविरोधी कायद्याचे संरक्षण, या साऱ्या बाबतींत एकाच भावकीतल्या दोन भावांत सरकारने भिंत घातली. गावातल्या पाटलाला मात्र ही भिंत दिसत नाही. त्याच्या लेखी दोघेही एकाच वस्तीतले.

मग काय होते? काही घरांत कागदावर जुना धर्म आणि जुनी जात राहते, आणि रविवारी माणूस देवळात जातो. याला कोणी फसवणूक म्हणेल. म्हणणाऱ्याने आधी एवढे सांगावे की भुकेला धर्म विचारणारा नियम प्रथम कोणी केला?

येथे बाबूराव बागुलांची आठवण होते. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा संग्रह १९६३ चा. शीर्षककथेतला नायक सुरतेकडच्या रेल्वेत कामाला जातो आणि राहायला खोली मिळावी म्हणून जात लपवितो. त्याच सुरतेहून निघालेली लोहमार्गाची वाट नवापूर, नंदुरबार, अमळनेर, धरणगाव करीत जळगावला येते. त्या वाटेवरच्या माझ्या विद्यार्थ्याची गोष्ट बागुलांच्या नायकाच्या नेमकी उलट आहे. तो जात दाखवितो आणि श्रद्धा चोरतो. खोलीसाठी जात चोरणाऱ्याचे दुःख मराठी साहित्याने ऐकले, आणि त्या कथेने मराठी कथेचा चेहरा बदलला. शिक्षणासाठी प्रार्थना चोरणाऱ्याची कथा अजून लिहिली जायची आहे.

ती का लिहिली गेली नाही याचे उत्तर आपण प्रतिभेच्या अभावात शोधू नये. दलित आत्मकथन या प्रकाराची पहिली अट कोणती? नाव, गाव, वस्ती, आई-बाप, जात, सारे उघड सांगणे. १९७८ मध्ये 'बलुतं' आले तेव्हा त्यातल्या उघडेपणानेच लोक हादरले, आणि आपल्यातल्याही काही पांढरपेशांनी नाके मुरडली. उघडे होण्याची किंमत दया पवारांनी मोजली, ती अवहेलनेच्या रूपाने मोजली. पण त्या उघडेपणाने त्यांचा दाखला गेला नाही. माझ्या विद्यार्थ्याने उद्या आपले घर प्रामाणिकपणे लिहिले, तर ते पुस्तक जातपडताळणी समितीपुढे पुरावा म्हणून ठेवले जाईल. धाकट्या बहिणीची शिष्यवृत्ती, भावाची नोकरी त्या पुस्तकावरून जाईल. ज्या वाङ्मयप्रकाराने आपल्या समाजाला वाचा दिली, तोच या मुलाच्या दृष्टीने धोक्याचा आहे. म्हणून त्याचा प्रथमपुरुष शेजारी जाऊन बसतो.

मी हे अतिशयोक्तीने म्हणत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे एका सतरा वर्षांच्या मुलीचे प्रकरण आले. तिचा महार असल्याचा दावा पडताळणी समितीने फेटाळला होता. कारण काय? चौकशीला गेलेल्या दक्षता पथकाला घराच्या भिंतीवर येशूचे चित्र दिसले. मुलीचे कुटुंब बौद्ध परंपरा पाळणारे होते, चित्र कोणी तरी भेट दिलेले होते. केवळ चित्रावरून धर्मांतर झाले असे शहाणा माणूस मानणार नाही, अशा आशयाचे खडे बोल न्यायालयाने सुनावले आणि समितीचा निर्णय रद्द केला. मुलीला न्याय मिळाला, चांगले झाले. पण या प्रकरणाकडे साहित्याचा वाचक म्हणूनही पाहावे. दलित ख्रिस्ती घराच्या भिंतीवर काय आहे, कोनाड्यात काय आहे, लग्न कोणत्या रीतीने लागले, मयत पुरतात की जाळतात, सण कोणता पाळतात, याची बारीक नोंद आज महाराष्ट्रात कोण करीत आहे? कादंबरीकार करीत नाही, समाजशास्त्राचा प्राध्यापक करीत नाही. दक्षता पथकाचा अधिकारी करीत आहे. वास्तववादाचा एवढा तपशील ज्याच्या वहीत आहे तो लेखक नव्हे, आणि तो तपशील कोणाच्या उपयोगासाठी नव्हे, कोणाला अपात्र ठरविण्यासाठी आहे.

याची दुसरी बाजू १९८५ च्या सूसाई खटल्यात दिसते. तामिळनाडूतील एका धर्मांतरित चांभाराने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. न्यायालयाचे म्हणणे असे पडले की नव्या धर्मातही जुन्या जातीचे दुःख तेवढ्याच तीव्रतेने शिल्लक आहे हे दाखविणारा अधिकृत, सविस्तर अभ्यास आमच्यापुढे नाही. म्हणजे लिहून आणा. येथे मोठा पेच आहे. लिहिलेले नाही म्हणून हक्क नाही, आणि लिहिले तर असलेला दाखला जाईल. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच प्रश्नासाठी माजी सरन्यायाधीश बाळकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सेल्वराणी प्रकरणात, बाप्तिस्मा झालेल्या आणि देवळात जाणाऱ्या स्त्रीने नोकरीसाठी हिंदू म्हणून जातीचा दाखला मागणे सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केले. कायद्याच्या अंगाने ते सरळ असेलही. मी कायद्याचा माणूस नाही. पण त्या निकालाची बातमी ज्या सकाळी आली, त्या सकाळी वर्तमानपत्र घडी करून ठेवणारी घरे खानदेशातही होती, एवढे मी सांगू शकतो.

ख्रिस्ती मंडळीने स्वतः काय केले? तिच्याजवळ नियतकालिके होती आणि आहेत. 'ज्ञानोदय' १८४२ पासूनचे. या पत्राचे एक ऋण आपल्यावर आहे. मुक्ता साळवे या जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध १८५५ मध्ये त्यातच छापला गेला. वेद वाचण्याचा अधिकार ज्यांना नाही त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने भर पेशवाईच्या गावात विचारला. मराठीत दलित विद्यार्थ्याचे छापलेले लेखन ख्रिस्ती पत्रात सुरू होते, ही साधी गोष्ट नव्हे. मग पुढे ही रेघ का तुटली? मला वाटते याचे एक कारण 'साक्ष' या प्रकारात आहे. मंडळीत उभे राहून आपले आयुष्य सांगण्याची ही रीत. तिचा साचा ठरलेला असतो: मी अंधारात होतो, पापात होतो, प्रभूने मला उजेडात आणले. सांगणाऱ्याची तळमळ खरी असते, मी ती ऐकली आहे आणि तिचा मला आदर आहे. परंतु या साच्यात मागचे सारे आयुष्य एकाच काळ्या रंगाने रंगवावे लागते. आजीच्या ओव्या, तमाशातला मामा, हाडोळ्याचे रान, गावाने केलेला जुलूम, सारे एकाच अंधारात. आत्मकथनात मागचे आयुष्य हा अन्याय असतो, साक्षीत ते पाप असते. अन्याय दुसऱ्याने केलेला असतो, त्याचा जाब विचारता येतो. पाप आपले असते, त्याची क्षमा मागावी लागते. मांगवाड्यात जन्मलेल्या मुलाने कोणाची आणि कशाबद्दल क्षमा मागावी?

हा पेच ख्रिस्ती विचारवंतांना कळला नाही असे नाही. महाराष्ट्रातून गेलेल्या अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये बंगलोरला या दिशेने प्रथम मांडणी केली आणि पुढे मद्रासच्या गुरुकुलात दलित धर्मचिंतनाचे काम उभे केले. पण ते लिहिले गेले इंग्रजीत. धुळ्याच्या मुलापर्यंत ते पोचलेच नाही. मराठी ख्रिस्ती म्हणून अलीकडे ज्यांचा गौरव झाला ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि त्यांच्या धर्मावरून जो गदारोळ झाला तो लाजिरवाणा होता. मात्र वसईचा ख्रिस्ती समाज निराळा, त्याची शेती निराळी, त्याचा इतिहास पोर्तुगीजांपासूनचा. तेथील माणसाच्या सन्मानाने खानदेशच्या मुलाला आनंद झाला, जागा मिळाली नाही.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे म्हणजे ही पाने वाचणाऱ्यांकडे. बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या अवस्थेवर लिहिलेले प्रकरण त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी ख्रिस्ती समाजावर कठोर टीका केली आहे: जात सुटली नाही, समाज म्हणून अन्यायाविरुद्ध हा समाज लढला नाही, शिकलेल्या ख्रिस्ती वर्गाला आपल्या अस्पृश्य बांधवाची पर्वा नाही. आपण ही टीका वाचतो आणि त्यातून सोयीचा निष्कर्ष काढतो की त्यांनी चुकीचा रस्ता धरला, त्यांचे ते पाहून घेतील. ज्याने त्या माणसाच्या अवस्थेवर वेगळे प्रकरण लिहिले त्याला त्याची काळजी होती, हे आपल्या लक्षात येत नाही. आपल्या साहित्य संमेलनांतून भटक्या-विमुक्तांचे सत्र असते, आदिवासींचे असते, स्त्रियांचे असते, आणि ती असलीच पाहिजेत. दलित ख्रिस्ती लेखकाला मात्र आपण एक तर 'त्यांच्या' संमेलनात पाठवितो किंवा त्याच्या नावावरून त्याला ओळखीतच नाही.

माझ्या त्या निबंध लिहिणाऱ्या मुलाच्या घरी डिसेंबर कसा जातो याची थोडी कल्पना आता मला आहे. ६ डिसेंबरला त्याचे चुलतभाऊ चैत्यभूमीला जातात. काही वर्षे तोही गेला. ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रा भरते, तेथेही तो जातो. बाबासाहेबांचा फोटो त्याच्या घरात आहे. त्याच्या आजीने तो लावला, आणि पाळकांनी एकदा नापसंती दाखविली तेव्हा तिने तो काढला नाही. नाताळच्या आदल्या आठवड्यात घरी कोणी तरी नसते, कारण गळीत हंगाम चालू असतो. नंदुरबारकडची, चाळीसगावकडची कितीतरी कुटुंबे त्या दिवसांत उसाच्या फडावर असतात, कोणी गुजरातेत, कोणी दक्षिण महाराष्ट्रात. ख्रिस्ती कुटुंबेही त्यांत असतात. पाचटाच्या खोपीवर बांधलेली चांदणी मी स्वतः पाहिलेली नाही, त्या मुलाने मला सांगितली. फडावर सुटी नसते. दिवसभर मोळ्या बांधायच्या, रात्री गाडी भरायची, आणि मध्ये वेळ मिळाला तर चार घरांनी मिळून कोंबडी करायची, पदे म्हणायची. हंगामाच्या सणाला गावच्या देवळात लोक आपापल्या शेतातले धान्य, भोपळे, कोंबड्या आणतात आणि त्यांचा लिलाव होतो. ज्याच्याजवळ शेत नाही तो काय आणतो, हे मी त्याला विचारले. तो म्हणाला, आई उसाचे वाढे आणते.

इतका तपशील या मुलाजवळ आहे. त्याच्यासारख्या अनेकांजवळ आहे. लिहायचे तर टोपणनावाने लिहावे, कथा म्हणून लिहावे, गाव बदलून लिहावे, असे मी त्याला सुचविले. बागुलांनी जे कथेत केले ते आत्मकथनाच्या आधीच केले होते, हेही सांगितले. अशा लेखनाला आपल्या नियतकालिकांनी पाने द्यावीत आणि लेखकाचे खरे नाव विचारू नये. दाखल्याचा प्रश्न सुटेपर्यंत तरी एवढे करता येईल.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. काँग्रेसची अधिवेशनेसुद्धा नाताळच्या आठवड्यात भरत, असा तो काळ होता. त्या दिवसाच्या स्मरणार्थ आपण गावोगाव मनुस्मृती दहन दिनाचे कार्यक्रम घेतो. बहुतेक ठिकाणी ते सकाळी असतात. एक जानेवारीला आपण भीमा कोरेगावला निघतो, आणि ३१ डिसेंबरची रात्र ख्रिस्ती माणूस देवळात जागून काढतो. या दोन्ही तारखा दोघांच्याही आहेत. ज्या ग्रंथाने त्याच्या पणजोबांना गावाबाहेर ठेवले तो जाळण्याच्या आठवणीला ख्रिस्ती झालेला हा मुलगा परका कसा असेल? त्याला मी गेल्या वर्षी कार्यक्रमाचे आमंत्रण दिले. तो म्हणाला, सर, यायचे आहे, पण दहा वाजता उपासना असते. संयोजकांशी मी बोललो आहे. महाडलाही मनुस्मृती रात्रीच जाळली होती, तेव्हा यंदा सभा सायंकाळी सातला घ्यायला त्यांची हरकत दिसत नाही.